खान्देशात राहून इलेक्ट्रिक व्हायोलिनवर पोट कसं भरायचं

पहिलेच सांगून टाकतो, इलेक्ट्रिक व्हायोलिन हातात आलं म्हणजे तारखा मिळायला लागतात असं काही नसतं. जळगाव, भुसावळ, धुळे, कुठंही बघा, ते सांगाडा टाईप चमकणारं व्हायोलिन आता बऱ्याच पोरापोरींकडे आहे, रील पण झकास असतात, पण लगीनसराईत ज्यांना एकाच घरातून दुसऱ्या भावाच्या लग्नाला परत फोन येतो असे वादक मोजकेच. बोटं बऱ्याच जणांची चालतात. तारेपासून पब्लिकच्या कानापर्यंत मधे जे काही लागतं, वायर, प्रीॲम्प (वाद्याचा बारीक सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी), मिक्सर, साउंडवाला, हॉलचा पत्रा, ते ज्याच्या ताब्यात असतं तो टिकतो. म्हणून या लेखात रियाजावर कमी आणि वायरींवर जास्त बोललोय, कोणाला राग आला तरी चालेल.

शिकायची सुरुवात मात्र साध्या लाकडी व्हायोलिनवरच करा. इलेक्ट्रिकवर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावला की सूर थोडा इकडेतिकडे असला तरी गोड लागतो आणि गज (म्हणजे बो) कसा ओढतोय हे कानाला कळतच नाही, लाकडी व्हायोलिन ते लगेच तोंडावर सांगतं. निदान दोन-तीन वर्षं त्यात घाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा व्हायोलिनमधे पण असतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, त्या द्या. लग्नात तुम्हाला सर्टिफिकेट कोणी विचारणार नाही पण शाळेत किंवा क्लासमधे शिकवायचं झालं तर तोच कागद कामाला येतो. ऐकायला गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम ही मंडळी आहेत, चौघं एकाच वाद्यावर किती वेगळे वाजवतात ते बघा. आणि सुगमवाल्यांनी प्रभाकर जोग ऐकल्याशिवाय लग्नात भावगीत वाजवू नये असं माझं मत आहे, गाण्यातला शब्द कुठं तुटतो, कुठं श्वास आहे हे गजाने कसं दाखवायचं ते तिथं कळतं. जानेवारीत जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तो चुकवू नका, साधं जाऊन बसलं तरी पुष्कळ मिळतं.

इलेक्ट्रिकवाल्यांमधे मागं जायचं तर १९३०च्या दशकातला अमेरिकेतला स्टफ स्मिथ, त्याने जॅझच्या गोंगाटात व्हायोलिनला ॲम्प्लिफायर जोडला. म्हणजे अडचण तेव्हाही तीच होती जी आज बँजो पार्टीच्या बाजूला उभं राहिलं की आपल्याला होते. मग फ्रान्सचा जाँ-लुक पाँटी, आपल्याकडचे एल. शंकर ज्यांनी दोन मानांचं दहा तारांचं व्हायोलिन वाजवलं, आणि केरळचा बालभास्कर. बालभास्कर २०१८ मधे गेला, जेमतेम चाळिशीचा होता, पण कर्नाटकी बैठक पक्की ठेवून पब्लिक कसं उभं करायचं हे त्याच्याकडे बघून शिकण्यासारखं आहे. उड्या नंतर शिका.

आता पट्टीचं, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा त्याचं बोलू, कारण इथं भले भले क्लासवाले अडकतात. वेस्टर्न ट्युनिंगमधे मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला सांगणार काळी एक (म्हणजे पहिली काळी पट्टी सा), गायिका आली की काळी चार नाहीतर काळी पाच, आणि तिथं तुमची एकही मोकळी तार नीट साथ देत नाही. गुरुजींकडे सा-प ला तार मिळवून बसायची सवय असते, पण स्टेजवर दोन गाण्यांच्या मधे चार तारा परत मिळवायला वेळ कोण देतो. तर घरी बाराही स्वरांवर सा धरून अलंकार करा, रोज एक पट्टी, कंटाळा येईल, येऊ द्या. काळी दोन आणि काळी तीन सगळ्यात जास्त घासा, त्याच टाळल्या जातात. मोबाईलवर तानपुरा लावून कानात एकच इअरफोन ठेवून केलं तर अजून चांगलं, कारण स्टेजवर पण तसंच ऐकावं लागणार आहे.

वाद्य कुठलं घ्यावं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो खरं तर सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. ऑनलाईन मिळणारं स्वस्त चायनाचं घेतलं तर त्याचे ब्रिज (तारा ज्याच्यावर टेकतात तो तुकडा), खुंट्या आणि तारा बदलूनच वाजवा, जशी येते तशी वाजवायची वस्तू नाहीये ती. यामाहाच्या वायईव्ही सिरीजमधे चार तारांची आणि पाच तारांची मॉडेल आहेत, त्याला चांगल्या सेकंडहँड मोटरसायकलीएवढे पैसे जातात, पण हात बसल्यावर तेच किंवा त्या दर्जाचं काहीतरी घ्या. पाचवी तार खालच्या सी ची, तिच्यावर पुरुष गायकाच्या आवाजातली गाणी छान बसतात. सुरुवातीला एवढे पैसे नसतील तर आहे त्याच लाकडी व्हायोलिनला पिकअप (तारेचा कंप विजेच्या सिग्नलमधे बदलणारा तुकडा) लावा आणि उरलेले पैसे प्रीॲम्पमधे घाला. बाजूला मोठा आवाज असला की लाकडी व्हायोलिन शिट्टी मारतं, म्हणजे फीडबॅक, सॉलिड बॉडीला (आतून पोकळ नसलेल्या वाद्याला) तो त्रास फार कमी, एवढाच काय तो मोठा फरक आहे. बाकी लाईटिंगवालं शरीर पब्लिकला आवडतं हे खरंय.

प्रीॲम्पचं नीट समजून घ्या. बहुतेक व्हायोलिनचा पिकअप पिएझो असतो, ब्रिजमधे किंवा ब्रिजखाली बसवलेला क्रिस्टल, कंपाने दाबला गेला की व्होल्टेज देणारा. या पिकअपला समोरचा इनपुट मोठ्या इम्पीडन्सचा (सिग्नलला होणाऱ्या विरोधाचा) लागतो, निदान १ मेगाओहम. मिक्सरचा लाईन इनपुट असतो दहा-वीस किलोओहमचा. म्हणून होतं काय की साउंडवाला भाऊ एक जॅक फेकतो, तुम्ही तो लावता, आणि स्पीकरमधून ताटावर चमचा घासल्यासारखं काहीतरी येतं, खालचे सूर सगळे गायब, मग तो ट्रेबल कमी करतो, तुम्ही वाजवता जोरात, आणि वधूच्या एन्ट्रीला सगळा सत्यानाश. उपाय सोपा आहे. व्हायोलिनमधे आतच बॅटरीवाला ॲक्टिव्ह प्रीॲम्प असेल तर ठीक, नसेल तर आपला स्वतःचा प्रीॲम्प किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे लावायची, विजेवर चालणारी डबी) पिशवीत पाहिजेच. पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणारा डीआय स्वस्त पडतो पण त्याचा इनपुट पिएझोला पुरत नाही. डीआय मधून एक्सएलआर वायर मिक्सरला द्या, फँटम (मिक्सरमधून वायरीतून येणारी वीज) लागत असेल तर आधीच सांगा. आणि बॅटरी, ९ व्होल्टवाली, नवी बॅटरी खिशात ठेवा. पुष्कळ वाद्यांमधे जॅक घातलेला राहिला की बॅटरी खात राहते, म्हणून जेवायला जाताना जॅक काढून ठेवायचा.

साउंडचेकला साउंडवाल्याशी भांडू नका, त्याला भाऊ म्हणा, आधी चहा घ्या सोबत. तो सकाळपासून उन्हात पोल उभे करतोय आणि आधीच्या तीन कलाकारांनी त्याला शिव्या दिलेल्या असतात. मग नेमकं सांगा, "भाऊ, माझा चॅनल फ्लॅट करा, लो-कट लावा दीडशेच्या आसपास, आणि अडीच ते चार हजारमधे थोडं खाली घ्या." लो-कट म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज कापणं. चार तारांच्या व्हायोलिनची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झला बोलते, त्याच्याखाली गजाची खरखर आणि स्टेजचा धडधडाट याशिवाय काही नसतं. पाच तारांचं असेल तर खालचा सी १३० च्या आसपास असतो, मग लो-कट शंभरवर ठेवायला सांगा. अडीच-चार हजारचा पट्टा म्हणजे कानात टोचणारा भाग, पिएझो तिथंच जास्त ओरडतो. एवढी दोन वाक्यं बोललात की समोरच्याला कळतं की याला काहीतरी समजतं, मग तो स्वतःहून मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) जवळ सरकवून देतो.

रिव्हर्ब हॉल बघून लावा. सावदा-फैजपूर साईडला किंवा कुठंही पत्र्याचं छत असलेल्या मंगल कार्यालयात गेलात तर हॉल स्वतःच एवढा घुमतो की तुमचा रिव्हर्ब जवळजवळ बंदच ठेवायला लागतो, नाहीतर आलाप चिखल होतो. मोकळ्या लॉनवर किंवा शेतातल्या मांडवात उलटं, तिथं आवाज परत येतच नाही, सुका सूर नागडा वाटतो, तिथं भरपूर द्या. डिलेचा (वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या इफेक्टचा) टाईम गाण्याच्या लयीला जुळवा, हिशोब साधा, ६०,००० ला टेम्पोने भागायचं, म्हणजे १२० च्या टेम्पोला ५०० मिलिसेकंद. अंदाजाने फिरवलेला डिले ऑक्टोपॅडवाल्याला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणाऱ्याला) वेड लावतो.

जनरेटरवर लाईट असली की गुंईऽऽ असा हम येतो. आधी डीआयचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, मग तुमचा ॲडॉप्टर एलईडी वॉलच्या किंवा डिमरच्या बोर्डवरून काढून साउंडच्या बोर्डवर घ्या, नव्वद टक्के वेळा तिथंच मिटतं. काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडून हम घालवतात. ते कधीही करू नका आणि दुसऱ्याने केलेलं दिसलं तर तिथं वाजवू नका, पावसात ओल्या मांडवात माणूस चिकटतो.

वायरलेस हवा तर वरातीसाठी ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवाले स्वस्त सेट हजार माणसांच्या मोबाईल-वायफायच्या गर्दीत मधेच तुटतात. स्टेजवर वायर.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ पारा म्हणजे नेहमीचंच, आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, तो उष्णतेने सुटतो, गजाला लावायची राळ मऊ होऊन डबीला चिकटते, सुक्या हवेने लाकूड आकसून खुंट्या सरकायला लागतात, गजाचे केस आखडतात. म्हणून गज वाजवून झाला की सैल करायचा, दरवेळी. चारही तारांना फाईन ट्युनर (तार बारीक मिळवायचा स्क्रू) लावून घ्या. व्हायोलिनची पेटी गाडीत सोडून जेवायला जायचं नाही, वरण-बट्टी कितीही गरम असली तरी पेटी पाठीवरच. पावसाळ्यात उलटा त्रास, खुंट्या फुगून अडकतात आणि केस ढिले पडतात. मोठं रिपेअर असेल तर पुणे-मुंबई गाठावी लागते, म्हणून साउंडपोस्ट (पोटातली आधाराची काडी) सोडून ब्रिज उभा करण्यासारखी बारीक कामं हाताने करायला शिका.

वाजवायचं काय? इथं पोरं फसतात, मुंबईच्या रीलमधली तीच सात-आठ हिंदी गाणी घेऊन येतात. ती लागतातच, वरमालेला, एन्ट्रीला, केक कापताना. पण हळदीला जेवण आटोपून नाना-आप्पा मंडळी पान लावत बसली की मागून आवाज येतोच, "भो, आते आहिरानी वाजाड!" आणि तिथं तुमच्याकडे काही नसेल तर पुढचे दोन तास बँजोवाल्याचे. अहिराणी गाण्यांची चाल वरवर सोपी वाटते, चार-पाच सुरांत फिरते, पण तिचा ठेका आणि सुराला दिलेला झोल गजात उतरवायला वेळ लागतो, सरळ स्वर वाजवले तर शाळेच्या बँडसारखं होतं. बँजोवाल्याला मधे जागा द्या, एक ओळ त्याची एक ओळ तुमची, पब्लिक पागल होतं आणि तोच बँजोवाला पुढच्या सुपारीला तुमचं नाव सुचवतो. श्रावणात कानबाई देवीची गाणी, नवरात्रात गरबा, नंदुरबार-तळोदा साईडला तर गरबा पक्का पाहिजे कारण गुजरात लागूनच आहे. सातपुड्यातली पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) कधी समोर बसून ऐका, होळीच्या वेळी काठी गावाकडे गेलात तर मिळेल ऐकायला, तिचा एकसारखा लांबणारा दम लूपरवर (वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणाऱ्या यंत्रावर) खालच्या तारेने धरून त्यावर वाजवून बघा. पण मग ते पावरीवाल्याचं आहे असं माईकवर सांगा पण.

स्वतःचं काही करायचं असेल, आणि कधी ना कधी करायलाच पाहिजे, तर बाहेर शोधत बसायची गरज नाही. बहिणाबाईंच्या ओव्या घ्या. त्यांचा पहिला संग्रह १९५२ ला आला, त्या १९५१ मधेच गेल्या होत्या, कॉपीराइटची ६० वर्षं केव्हाच संपलीत, म्हणजे त्या संग्रहातले शब्द सगळ्यांसाठी मोकळे आहेत. पण लोकांच्या तोंडात बसलेल्या ज्या चाली आहेत त्या संगीतकारांच्या, त्या उचलू नका, आपली बांधा. मी सांगतो तसं करून बघा, एक ओवी तोंडाने म्हणा, जात्यावर म्हणतात तशी, मग प्रत्येक चरणाला एकच गज, चरण संपला की गज संपला पाहिजे. शेवटचा चरण आखूड असतो, तिथं गज उरतो, त्या उरलेल्या गजात काय करायचं हे तुमचं. त्यातूनच चाल निघते.

पैशाचं स्पष्ट बोला. आपल्याकडे सगळं कार्य घरचंच असतं, "आप्पांनी शब्द टाकलाय", "पोरगी आपलीच समज", आणि मग रात्री पाकिटात निघतं ते बघून डोळे भरून येतात. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तारीख, किती वाजता किती तास, साउंड कोणाचा, गाडीभाडं कोणाचं, सोबत किती माणसं जेवणार, आणि निम्मे पैसे ॲडव्हान्स, ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख लॉक नाही. खरंच घरचं कार्य असेल तर फुकट वाजवा, पण मग पूर्ण फुकट, निम्म्या भावात नाही, निम्मा भाव लगेच गावभर होतो. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला परवानगी नसते, म्हणून वरात लांबली तर तुमचा वेळ मधल्यामधे जातो, लिहिताना "साडेसहा ते साडेनऊ" असंच लिहा, "तीन तास" असं नको. इव्हेंट कंपनीकडून काम आलं तर ते टीडीएस (आधीच कापायचा इन्कम टॅक्स) कापून पैसे देतात, रिटर्न भरलं तर जास्तीचा कापलेला परत मिळतो, कापलेल्या टॅक्सचं स्टेटमेंट बघत जा, पुष्कळ जण हे पैसे तसेच सोडून देतात. मुलींनी कपडे बदलायला बंद होणारी खोली आणि परतीची गाडी हे दोन मुद्दे त्याच मेसेजमधे घालायचे, संकोच करायचा नाही, आणि घरचं किंवा ओळखीचं कोणीतरी सोबत.

कान जपा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं, आणि डीजेच्या भिंतीसमोर १०० म्हणजे काहीच नाही. वादकांचे प्लग मिळतात, घ्या. इन-इअर मॉनिटर परवडला तर उत्तम, कारण व्हायोलिनला पडदे नसतात, स्वतःचा सूर ऐकू आला नाही की बोट सरकतं आणि तुम्हालाच कळत नाही.

आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवणार असाल तर डाव्या चॅनलला ट्रॅक आणि उजव्याला क्लिक (लयीचे ठोके) अशी फाईल बनवा, क्लिक फक्त तुम्हाला आणि ऑक्टोपॅडवाल्याला. मोबाईल फ्लाईट मोडवर. हे सांगायला नको, पण वरमालेच्या मधे स्पीकरवर कोणाच्यातरी मावशीचा कॉल वाजलेला मी स्वतः ऐकलाय.

व्हिडिओ मिनिटभराचा पुरे. आवाज मोबाईलच्या माईकचा घेऊ नका, मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून वेगळा घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येतो. पहिल्या पाच सेकंदात वाजवणं दिसलं पाहिजे, ड्रोन शॉट नको. कव्हर (दुसऱ्याचं गाणं) टाकलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो, त्याने घाबरायचं नाही, पण त्या कमाईवर घर चालेल असंही धरू नका. अहिराणी गाणं असेल तर मूळ गायक-संगीतकार बहुतेक वेळा एका फोनवर सापडतो, विचारा आणि नाव टाका, पुढं तोच रेकॉर्डिंगला बोलावतो.

आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नांची कामं जवळजवळ बंद, गणपती-नवरात्र तेवढं मधे. हे महिने दोन गोष्टींसाठी ठेवा, शिकवणी आणि रेकॉर्डिंग. अहिराणी गाण्यांचे स्टुडिओ आता गावोगाव झालेत आणि खरं व्हायोलिन वाजवणारा त्यांना सापडत नाही, कीबोर्डवरच्या नकली तारांवर भागवतात. जळगाव-अमळनेर-नंदुरबार करत सुरतला रेल्वे जाते, तिकडच्या लग्नांना आणि स्टुडिओंना पण माणूस लागतो, भुसावळवरून मुंबई-नागपूर तर आहेच. घरी एक साधा ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची डबी) असला तर जायची पण गरज नाही. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड (मोठा इम्पीडन्स) असं बटण असलं पाहिजे, तोच मेगाओहमवाला विषय. रेकॉर्ड २४ बिट ४८ किलोहर्ट्झला करा, एक फाईल कोरडी, एक तुमच्या इफेक्टसकट, दोन्ही सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून एक्स्पोर्ट केलेल्या. आणि फाईलच्या नावात गाण्याचं नाव, पट्टी, टेम्पो हे तिन्ही लिहा, नाहीतर मिक्सिंगवाला रात्री साडेअकराला फोन करून विचारणार की भाऊ, हे काळी दोनचं आहे का काळी तीनचं.